विमान धुक्यात उतरतं, मग जमिनीवर का अडकतं?

जानेवारी लागला की दिल्लीची विमानं लेट झाल्याच्या बातम्या सुरू होतात, आणि आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या कुणाचा ना कुणाचा पोरगा तिकडे एअरपोर्टवर बसलेला असतोच, मग घरचे विचारतात की एवढे कॉम्प्युटर आले तरी यांना धुक्यात विमान उतरवता येत नाही का. येतं. दिल्लीसारख्या विमानतळावर कॅट-३बी ची, म्हणजे जवळजवळ काही दिसत नसताना विमान उतरवायची सोय आहे, विमान त्या तयारीचं असलं आणि पायलटचं तसं ट्रेनिंग झालेलं असलं तर धावपट्टीवर जेमतेम ५० मीटर दिसत असताना सुद्धा ऑटोपायलट विमान टेकवतो. खरी पंचाईत त्याच्यानंतर आहे. धावपट्टी सोडून टॅक्सीवेने पार्किंगपर्यंत जायचं काम ऑटोपायलट करत नाही, तिथे पायलटचे डोळे, हातातला नकाशा आणि रेडिओवरचा कंट्रोलर एवढंच असतं, आणि कंट्रोलरला सुद्धा टॉवरच्या काचेतून पांढरं सोडून काही दिसत नसतं.

अशा वेळी विमान, गाडी किंवा माणूस चुकून चालू धावपट्टीवर आला की त्याला रनवे इनकर्जन म्हणतात. ८ ऑक्टोबर २००१ ला इटलीत मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुकं होतं. एका छोट्या सेसना जेटला आर-५ टॅक्सीवेने जा असं सांगितलं होतं, पायलट वळले आर-६ वर. वाटेत जमिनीवर रंगवलेली एस-४ ही खूण त्यांनी रेडिओवर सांगितली सुद्धा, पण ही एस-४ कुठे आहे ते कंट्रोलरला माहीतच नव्हतं कारण ती त्याच्या नकाशात नव्हती. जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार बंद होतं. सेसना सरळ धावपट्टीवर आलं आणि टेक-ऑफ घेत असलेलं एसएएस कंपनीचं एमडी-८७ प्रवासी विमान त्याच्यावर आदळलं. ११८ माणसं गेली. १९७७ चा टेनेरिफचा अपघात बऱ्याच जणांना माहीत असेल, दोन जम्बो जेट, ५८३ मृत्यू, तिथे पण धावपट्टीवर उतरलेले ढग होते, जमिनीवरचं रडार नव्हतं आणि एक विमान धावपट्टीवरूनच टॅक्सी करत, म्हणजे चाकांवर चालत जात होतं.

आता लोकांना वाटतं की मग विमानाला जोरदार लाईट लावा ना, पिवळा लावा, पिवळा धुकं फाडतो. हायवेवर जाणारे आपले कितीतरी ड्रायव्हर हेडलाईटला पिवळा कागद चिकटवतात ते याच समजुतीने. हे चूक आहे आणि ते का चूक आहे ते मला नीट सांगायचंय कारण सगळी गंमत तिथेच आहे.

शाळेत आपण शिकलो की निळा प्रकाश जास्त विखुरतो, लाल कमी, म्हणून आकाश निळं आणि मावळता सूर्य तांबडा. बरोबर आहे, पण हा नियम हवेच्या रेणूंसारख्या, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान कणांना लागतो. प्रकाशाची तरंगलांबी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. धुक्याचा थेंब १०-२० मायक्रॉनचा, प्रकाशापेक्षा वीस ते चाळीस पट मोठा, आणि एवढा मोठा थेंब लाल, पिवळा, निळा सगळ्यांना जवळजवळ सारखाच विखुरतो. पुरावा डोळ्यांसमोर आहे, धुकं पांढरं दिसतं. चुलीचा पातळ धूर निळसर दिसतो कारण त्याचे कण खरंच बारीक असतात. म्हणजे पिवळ्या कागदाने फक्त तुमच्या दिव्यातला निळा भाग कापला जातो, उजेड कमी होतो, बस. चांगला फॉग लॅम्प कामाचा असतो तो रंगामुळे नाही, तो बंपरच्या खाली असतो आणि त्याचा झोत वरून सपाट कापलेला असतो म्हणून.

आता थोडं गणित. २०० मीटर दृश्यमानता म्हणजे ढोबळमानाने २०० मीटर कापेपर्यंत सरळ जाणारा प्रकाश ५ टक्के उरतो. हिशोब केला तर दर ४६ मीटरला प्रकाश निम्मा होतो. मग दिव्याची ताकद दुप्पट केली तर काय मिळेल? तो दिवा फार तर ४६ मीटर जास्त लांबून दिसेल, खरं तर त्याहून कमीच, कारण अंतराच्या वर्गाने पण प्रकाश घटतो. दहापट केली तरी दीडशे मीटर सुद्धा वाढत नाहीत. आणि हे झालं समोरच्या दिव्याचं. तुमच्या स्वतःच्या दिव्याचा प्रकाश आधी समोरच्या वस्तूपर्यंत जाणार, मग तिथून परत तुमच्या डोळ्यापर्यंत येणार, म्हणजे निम्मं होणं दोन्ही फेऱ्यांना, वर मधल्या थेंबांवरून उलटा येणारा प्रकाश डोळ्यापुढे पांढरा पडदा धरतो. ताकद वाढवली की पडदा पण तेवढाच वाढतो.

म्हणून विमानतळावर दिवे विमानापेक्षा जमिनीत जास्त महत्त्वाचे. टॅक्सीवेच्या मधोमध हिरवे, कडेला निळे, आणि धावपट्टीच्या तोंडाशी आडवी लाल दिव्यांची ओळ, तिला स्टॉप बार म्हणतात. प्रकाश एकाच दिशेने येतो, पडदा होत नाही. ३५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तिथे सरळ टॅक्सीवेवरचे हिरवे दिवे एकमेकांपासून १५ मीटरच्या आत ठेवायचे असतात, म्हणजे एक दिवा नाकाखाली गेला की पुढचे दिसत असतात. नाकाखाली म्हणतो कारण कॉकपिट उंचावर असतं आणि पुढची काही मीटर जमीन नाकामागे लपलेलीच असते. लाल ओळ पेटलेली असेल तर कंट्रोलरने परवानगी दिली तरी ओलांडायची नाही, आधी विचारायचं.

रडारला मात्र धुकं अडवत नाही, आणि कारण परत तेच, आकाराचं प्रमाण. जमिनीवरच्या रडारची लहर बऱ्याचदा ३ सेंटिमीटरच्या आसपास, धुक्याचा थेंब तिच्यापुढे हजारो पटीने लहान, लहरीला तो जाणवतच नाही.

कन्नड घाटात किंवा अशाच एखाद्या वळणावर धुक्यात कोणी उभं दिसतं या गोष्टी आपल्याकडे रंगवून सांगतात, अपघात झाला की नारळ फुटतात. मागच्या गाडीचा झोत तुमच्यावर पडला की तुमचीच सावली समोरच्या धुक्यावर उमटते, मोठी आणि हलणारी, त्यात भूत नाही. नारळापेक्षा त्या वळणाच्या कडेला चमकणाऱ्या पट्ट्या ठोका, जीव वाचतील.

आपल्याकडचं धुकं दिल्लीएवढं टिकत नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, तापीकाठी, रात्री आकाश स्वच्छ, वारा पडलेला आणि शेतात पाणी भरलेलं असलं की जमीन उष्णता सोडून गार होते, जमिनीलगतच्या हवेतली वाफ थेंब बनून तरंगते आणि ऊन तापलं की विरते. धुळे, शिरपूरला शिकाऊ विमानं उडतात, डोळ्यांनी बघून उडायचं तर ५ किलोमीटर दिसायला लागतं, त्यामुळे ती पोरं सकाळी सरळ थांबतात. पण जळगावसारख्या एकच धावपट्टी असलेल्या विमानतळांवर वाहतूक वाढत जाणार, आणि जिथे समांतर टॅक्सीवे नसतो तिथे विमान वळवून धावपट्टीवरूनच उलट दिशेने चालवत आणावं लागतं, म्हणजे त्या वेळात धावपट्टी अडलेली.

आणि धोक्याला धुकंच लागतं असं नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदाला रात्री हवा चांगली होती, तरी जपानी तटरक्षक दलाचं विमान धावपट्टीवर येऊन सुमारे ४० सेकंद उभं राहिलं आणि उतरणारं ए-३५० हे मोठं प्रवासी विमान त्याच्यावर आदळलं. मोठ्या विमानातले सगळे ३७९ वाचले, छोट्यातले ५ गेले. त्या जागेचे स्टॉप बारचे लाल दिवे तेव्हा कामासाठी बंद होते. माझं स्पष्ट मत आहे, जिथे स्टॉप बार बसवलेत तिथे ते धुक्यापुरते लावून चालणार नाही, चोवीस तास, भर उन्हात सुद्धा चालू पाहिजेत.