संशोधनाचा गोषवारा आणि परिषदेतील सादरीकरण

अभ्यासाचा प्रश्न, पद्धत, निकाल आणि निष्कर्ष थोडक्यात सांगणारे, मूळ निबंध हाताशी नसतानाही समजणारे टिपण म्हणजे गोषवारा. वैज्ञानिक परिषदेसाठी तो काही महिने आधी पाठवावा लागतो. शब्दमर्यादा बहुधा २५० ते ३०० असते. परीक्षक तो वाचून तोंडी सादरीकरण, पोस्टर (अभ्यास मांडणारा, भिंतीवर लावायचा मोठा कागद) की नकार, हे ठरवतात. संगणकशास्त्रात रीत वेगळी आहे. तिथे अनेक परिषदांना पूर्ण निबंधच पाठवतात आणि परिषदेच्या कार्यवृत्तात तो छापून आला की तीच अंतिम प्रसिद्धी मानली जाते.

पूर्वी गोषवारा म्हणजे एकसलग परिच्छेद असे आणि त्यात काय घ्यायचे हे लेखकावर सोडलेले असे. १९८७ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात उपशीर्षकांनी बांधलेल्या गोषवाऱ्याचा आराखडा मांडला गेला. उद्देश, रचना, रुग्ण, उपचार, निकाल अशी घरे आखून दिली की रिकामे राहिलेले घर लगेच दिसते. २००८ मध्ये वैद्यकीय चाचण्यांच्या, म्हणजे रुग्णांवर उपचार तपासून पाहणाऱ्या प्रयोगांच्या, गोषवाऱ्यांत काय असावे याची स्वतंत्र यादी ‘कॉन्सॉर्ट’ने (अशा चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याचे निकष ठरवणाऱ्या गटाने) दिली. ती परिषदांच्या गोषवाऱ्यांनाही लागू आहे.

गोषवाऱ्याचा जीव निकालात असतो आणि निकालाचा जीव आकड्यांत. ‘नव्या उपचाराने लक्षणीय सुधारणा झाली’ या वाक्यातून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. ‘लक्षणीय’ म्हणजे मोठी सुधारणा, की केवळ संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेली (म्हणजे निव्वळ योगायोगाने आलेली नसावी अशी), हेही कळत नाही. त्याऐवजी, एक कल्पित उदाहरण घेऊ : ‘नव्या उपचाराच्या ६० पैकी ४२ रुग्णांचा (७० टक्के) आणि नेहमीच्या उपचाराच्या ६० पैकी ३० रुग्णांचा (५० टक्के) ताप तीन दिवसांत उतरला.’ दोन्ही टक्केवारींतला फरक २० अंकांचा. त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असावा असे आकडे सुचवतात तो पट्टा, साधारण ३ ते ३७. एवढा रुंद अंतराल पाहताच अभ्यास लहान आहे आणि खरा फायदा अगदी थोडाही असू शकतो, हे जाणत्या वाचकाला उमगते. ही कबुली आकड्यांनीच दिलेली असते, तिच्यासाठी वेगळे वाक्य खर्चावे लागत नाही.

हे महत्त्वाचे अशासाठी की बहुतेक लोक गोषवाऱ्याच्या पुढे जातच नाहीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मुख्य निकाल संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय न आलेल्या ७२ वैद्यकीय चाचण्यांचे लेख तपासले गेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक गोषवाऱ्यांच्या निष्कर्षात उपचाराची बाजू उजळ करून मांडलेली आढळली. दुसरा जुना दोष म्हणजे ‘निकालांची चर्चा परिषदेत केली जाईल’ असे आश्वासन. विश्लेषण अपुरे असताना मुदत गाठण्यासाठी ते लिहिले जाते आणि परीक्षक अशा गोषवाऱ्याला सहसा मागे टाकतात. ते योग्यच आहे.

तोंडी सादरीकरणाला बहुधा दहा-बारा मिनिटे आणि प्रश्नांना दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात एकच निष्कर्ष नीट पोहोचतो. आलेख दाखवताना आधी आडव्या-उभ्या अक्षांवर काय आहे ते सांगावे, मग रेषेकडे वळावे; श्रोत्यांनी तो आलेख कधीच पाहिलेला नसतो. वेळ ओलांडली तर पहिला बळी प्रश्नोत्तरांचा जातो आणि संशोधकाला परिषदेतून जे खरोखर मिळायचे ते बहुतांशी तिथेच असते. पोस्टरसमोर मात्र संवादाला ऐसपैस वेळ असतो. पोस्टर दोन-तीन पावलांवरून वाचता यावे. पूर्ण निबंध बारीक टाइपात चिकटवला की लोक पुढे निघून जातात.

हातात राहणाऱ्या कागदाचे मोल जर्मनीतील कार्ल्सरूह येथे १८६० साली भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत दिसले. अणुभारांबाबत तिथे एकमत झाले नाही. पण अखेरीस इटलीचे रसायनशास्त्रज्ञ कानिझ्झारो यांची अणुभारांवरची पुस्तिका वाटली गेली. ती नंतर वाचून जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथार मायर यांचे मत पालटले. आवर्त सारणीच्या दिशेने त्यांचे काम पुढे त्याच अणुभारांवर उभे राहिले.

परिषदेत मांडलेले सगळेच पुढे छापले जात नाही. जैववैद्यकातील निम्म्याहून अधिक गोषवाऱ्यांचा पूर्ण निबंध कधीच निघत नाही, आणि अनुकूल निकालांचे निबंध निघण्याची शक्यता जास्त असते. म्हणून एखाद्या उपचाराचा समग्र आढावा घेणारे अभ्यासक परिषदांचे जुने गोषवारेही चाळतात आणि हरवलेल्या आकड्यांसाठी मूळ लेखकांना पत्रे लिहितात.