गळाला लागतो तो चांगला बाप

मासा पकडला, त्याचे वजन केले आणि त्याला जिवंत पाण्यात सोडून दिले, म्हणजे तळ्याचे काहीच नुकसान झाले नाही, अशी हौशी मासेमारांची ठाम समजूत असते. अमेरिकेतील बास माशांच्या स्पर्धा आज याच समजुतीवर उभ्या आहेत. रे स्कॉट यांनी 1967 साली आर्कान्सा राज्यातील बीव्हर लेक या जलाशयावर मोठी स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी मासेमारांची संघटना काढली आणि 1972 साली पकडलेला मासा न मारण्याची मोहीम सुरू केली. आता गावोगावच्या क्लबांच्या स्पर्धांतही सर्वसाधारण पद्धत अशी आहे, की स्पर्धकाने आपले पाच सर्वांत वजनदार मासे होडीतील खेळत्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायचे, दिवसअखेर काठावर येऊन वजन करून घ्यायचे आणि मग ते सोडून द्यायचे. या मोहिमेने असंख्य माशांचा जीव वाचवला, यात शंका नाही. प्रश्न आहे तो वसंत ऋतूचा, कारण त्या काही आठवड्यांत गळाला लागलेला नर एकटा नसतो; त्याच्या भरवशावर हजारो अंडी तळाशी पडलेली असतात.

लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा शिकारी मासा आहे. हिवाळाभर तो खोल, थंड पाण्यात मंदावलेला असतो. वसंतात सूर्य वर चढू लागला की उथळ खाड्यांचे पाणी आधी तापते आणि ते साधारण 15 ते 20 अंश सेल्सियसच्या दरम्यान पोहोचले की नर काठाजवळ येऊन घरटी करू लागतात. अनेक मासेमार पौर्णिमेचा मुहूर्त धरतात आणि चंद्राच्या स्थितीवरून मासे गळाला लागण्याच्या वेळा सांगणारी कोष्टकेही विकत घेतात. चंद्राच्या ओढीने पाण्यात फरक पडतो म्हणून असे होते, हे त्याचे नेहमीचे समर्थन आहे. परंतु अमेरिकेच्या अवाढव्य पंचमहासरोवरांतसुद्धा भरतीची उंची पाच सेंटिमीटरपेक्षा कमी असते. क्लबाच्या स्पर्धा होतात त्या लहान तळ्यांत ती मोजता येण्याजोगीही नसते. पाण्यात बुडवलेला साधा तापमापक या कोष्टकांपेक्षा पुष्कळ अधिक सांगतो.

घरटे म्हणजे नराने शेपटीने गाळ झाडून वाळूत किंवा खड्यांत केलेला उथळ, गोल खळगा. मादी तेथे अंडी घालते आणि निघून जाते. पुढचे सारे काम नराचे असते. तो कल्ल्याजवळच्या परांनी अंड्यांवर पाणी खेळते ठेवतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक माशाला हुसकावतो. काही दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले पोहू लागली तरी तो त्यांच्या थव्याबरोबर राहतो आणि असे कित्येक आठवडे चालते. या काळात तो फारसे खातच नाही. म्हणजे घरट्यावरून खेचत नेलेल्या आमिषावर तो तुटून पडतो, तो प्रामुख्याने भुकेने नव्हे. समोरून आलेले ते प्लॅस्टिकचे झिंग्यासारखे किंवा सरड्यासारखे आमिष त्याच्या दृष्टीने अंड्यांवर आलेला चोर असते, आणि चोराला तोंडात धरून दूर नेणे एवढाच उपाय त्याच्यापाशी असतो.

नर गळाला लागून वर जाताच आसपास टपलेले, अंडी खाणारे लहान ब्लूगिल मासे काही मिनिटांत घरट्यावर उतरतात. नराला लगेच तेथेच सोडले तर बहुतेकदा तो परत येऊन त्यांना हाकलतो. मात्र त्याला जितका अधिक दमवावा आणि जितका वेळ हवेत धरावा, तितका त्याला परतायला उशीर होतो आणि तितकी अंडी कमी उरतात. येथे एक क्रूर हिशोब सुरू होतो: उरलेली पिल्ले फारच थोडी असतील तर नर घरटे सोडून देण्याची शक्यता वाढते, कारण तितक्यासाठी आणखी काही आठवडे उपाशी राहणे त्याला परवडत नाही. स्पर्धेत तर तो दिवसभर टाकीत असतो आणि सुटतो तो काठावरच्या वजनकाट्याजवळ, घरट्यापासून कित्येक किलोमीटर दूर.

आता या विषयातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. इलिनॉय राज्यात चार्ल्सटन गावाजवळ रिज लेक नावाचे संशोधनासाठी राखलेले लहान तळे आहे. तेथे 1975 पासून चार वर्षे प्रत्येक मासेमाराने वेळ राखून यायचे आणि पकडलेला प्रत्येक बास मोजून, खूण करून सोडायचा, असा नियम होता. एक मासा पहिल्या दोन दिवसांत तीनदा सापडला. दुसरा एका वर्षात सोळा वेळा. शेवटी तळे रिकामे केले, तेव्हा 1,700 हून अधिक मासे मिळाले, आणि त्यांपैकी सुमारे 200 मासे चार वर्षांत एकदाही गळाला लागलेले नव्हते. मत्स्य-जीवशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कधीही न सापडलेल्या नर-माद्यांची एक शाखा आणि चार किंवा अधिक वेळा सापडलेल्यांची दुसरी शाखा वाढवली. दोन्हींची पिल्ले खुणा करून एकाच तलावात, एकाच अन्नावर वाढवली, त्यांच्यावर पुन्हा गळ टाकला आणि हेच तीन पिढ्या केले. दोन शाखांमधील अंतर वाढत गेले. गळाला लागण्याची प्रवृत्ती काही अंशी आईबापांकडून येते, हे त्यातून सिद्ध झाले.

किती अंशी, हे आनुवंशिकतेच्या गुणांकाने सांगता येते. निवडलेल्या पालकांची सरासरी मूळ समूहाच्या सरासरीपासून जितकी दूर असते, त्याला निवडीचे अंतर म्हणतात. संततीची सरासरी जितकी सरकते, तो निवडीचा प्रतिसाद. प्रतिसादाला अंतराने भागले की गुणांक मिळतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तो सुमारे 0.15 आला. म्हणजे पालकांचा फरक 100 धरला तर पुढच्या पिढीत त्यातील 15 उतरतात. उरलेले 85 परिस्थिती, अनुभव आणि योगायोग यांच्या खात्यावर जातात. आकडा लहान दिसतो, परंतु निवड एकाच दिशेने दर वसंतात होत राहिली तर हे 15 पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. गुणांक शून्य असता तर कितीही मासेमारी करून स्वभाव बदलला नसता.

मग कोणता स्वभाव गाळला जात आहे? सहज सापडणाऱ्या शाखेच्या माशांचा विश्रांतीतील चयापचय अधिक वेगवान आढळला आणि त्यांचे नर घरट्याची राखण अधिक आक्रमकपणे करताना दिसले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर अशा नरांना मोठ्या माद्या मिळतात आणि त्यांची संततीही अधिक होते, असे आढळले. जो बाप चोरावर आधी धावतो, तोच गळावरही आधी धावतो. त्यामुळे घरट्यांवरची मासेमारी सरसकट कोणताही नर उचलत नाही. ती उत्तम बाप निवडून उचलते.

याचा अर्थ अशा मासेमारीने तळी ओस पडतात, असा नाही. एका यशस्वी घरट्यातून हजारो पिल्ले बाहेर पडतात, त्यांतील बहुतेक पहिल्या वर्षातच मरतात, आणि पुष्कळ जलाशयांत काही घरटी उजाड झाल्याने मोठ्या माशांची संख्या घटत नाही. दक्षिणेकडील राज्यांत विणीचा हंगाम लांबतो, म्हणून तेथे फटका विभागला जातो. उत्तरेच्या थंड तळ्यांत सारे नर थोड्या आठवड्यांत घरट्यांवर येतात, तेथे धोका अधिक. कॅनडातील दक्षिण ऑन्टारिओत बासची मासेमारी जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंद ठेवण्यामागे हाच विचार आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना बंदी असते, तीही विणीच्या हंगामासाठीच. पहिल्या पावसात ओढ्यांना चढणारे वलगणीचे मासे मात्र आपल्याकडे अजूनही अंड्यांसकट पकडले जातात.

स्पर्धांपुढे एक सोपा मार्ग आहे आणि तो वापरातही आला आहे. 2019 साली सुरू झालेल्या बास प्रो टूर या व्यावसायिक मालिकेत मासा होडीतच काट्यावर तोलून, गुण नोंदवून तत्काळ सोडण्याची पद्धत ठेवली गेली. क्लबांनी निदान वसंतातील स्पर्धांपुरती ती स्वीकारावी, मासा हवेत धरण्याची वेळ काही सेकंदांवर आणावी, आणि पाणी 15 अंशांवर गेले की उथळ खाड्या स्पर्धेच्या हद्दीबाहेर ठेवाव्यात. यासाठी नवे यंत्र लागत नाही, एक काटा आणि एक तापमापक पुरतो.