पदवीचे सामायिक विषय: सुट्या पेपरांपासून २०२३च्या चौकटीपर्यंत

मुख्य विषयाखेरीज पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने थोडं व्यापक शिकावं, ही शिफारस १९४८-४९च्या विद्यापीठ शिक्षण आयोगापासूनची. आपल्या सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत मात्र ती एकसंध योजना म्हणून आली नाही, एकेक पेपर येत गेला. मुंबईत फाउंडेशन कोर्स हा सामान्य ज्ञानाचा सामायिक पेपर रुजला. पर्यावरणाचा सक्तीचा अभ्यासक्रम १९९१च्या न्यायालयीन निकालातून निघाला, तरी वर्गात पोहोचायला २००४ उजाडलं. पुढे पुण्यात लोकशाही-निवडणुकांचा पेपर वाढला. नवा पेपर लावताना जुन्याचं काय करायचं, हे कुणी ठरवलं नाही.

महाराष्ट्र सरकारच्या २० एप्रिल २०२३च्या शासन निर्णयाने ही सगळी भर एका तक्त्यात आणली. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक. त्यात भाषांना ८, मूल्यशिक्षणाला ४, भारतीय ज्ञानप्रणालीला २. पर्यावरण मूल्यशिक्षणात सामावलं. स्वायत्त महाविद्यालयांत हे २०२३-२४पासून, संलग्न महाविद्यालयांत वर्षभराने लागू झालं. इथपर्यंतचं काम चांगलं आणि फार आधी व्हायला हवं होतं.

घोडं अडलं ते ओपन इलेक्टिव्हवर (‘ओई’), म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडायच्या विषयावर. त्याला १० ते १२ क्रेडिट दिले आणि अट घातली की विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच हवा. कला, वाणिज्य, विज्ञान एकाच आवारात असतील तर हे जमतं, तेही सगळ्या शाखांना ‘ओई’ची तासिका एकाच वेळी ठेवली तर. पण तालुक्याच्या गावी नुसतं वाणिज्य महाविद्यालय असेल, तर विज्ञानाचा शिक्षक आणायचा कुठून? दोन क्रेडिटच्या पेपरला ३० तास लागतात, तेवढ्यासाठी पद मंजूर होत नाही. मग विद्यार्थ्याची निवड कागदावर उरते आणि जो शिक्षक हाताशी आहे त्याचाच विषय सगळ्यांना घ्यावा लागतो. शाखांच्या भिंती पाडण्याचा हेतू मला मनापासून पटतो. पण हा निर्णय आला तेव्हा प्राध्यापकांच्या मंजूर जागा आधीच मोठ्या संख्येने रिकाम्या होत्या आणि बराच भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर होता. नव्या पेपरांचे तासही बहुतेक ठिकाणी त्यांच्याच वाट्याला गेले.