काड्या दिसल्या, आतला माल अठरा वर्षांनी कळला

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की काडीसारखे कण दिसतात. जाडी साधारण ०.१ मायक्रोमीटर, लांबी फार तर ३. आडवा छेद घेतला तर काडीत बारीक नळ्यांची जुडी. एवाल्ड वायबल आणि जॉर्ज पलाडे यांनी १९६४ साली त्यांचे वर्णन छापले. या काड्या करतात काय, हे मात्र कोडेच राहिले. नाव तेवढे पडले : वायबल-पलाडे कण.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी, बाल्टिक समुद्रातल्या ओलांड बेटांवरची. तिथली पाच वर्षांची एक मुलगी हेलसिंकीत डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आली. घरात इतरांनाही रक्तस्रावाचा त्रास. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) म्हणावा, तर तो बहुतेक मुलग्यांना होतो. इथे मुलीही सुटल्या नव्हत्या. रक्त थांबवणाऱ्या बारीक कणांची, म्हणजे प्लेटलेटची संख्या ठीक, तरी रक्त थांबता थांबत नसे. हा आजार वेगळा आहे, असे त्यांनी १९२६ साली मांडले. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावाने गेली.

दोष नेमका कशात? १९५७ साली स्वीडनमध्ये इंगा मारी निल्सन आणि सहकाऱ्यांनी निरोगी रक्तद्रवातला एक अंश रुग्णाला दिला आणि रक्त लवकर थांबू लागले. म्हणजे प्लेटलेट धड होत्या, रक्तद्रवातलेच काहीतरी कमी होते. ते होते एक प्रथिन; त्यालाच पुढे ‘फॉन विलेब्रांड घटक’ म्हणू लागले. (मधली काही वर्षे या प्रथिनाची रक्त गोठवणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाशी, आठव्या घटकाशी, इतकी गल्लत झाली, की जुने शोधनिबंध वाचताना आजही डोके धरावे लागते.)

ते बनते कुठे, याचा धागा बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेने दिला. नाळेच्या शिरेतल्या अस्तरपेशी प्रयोगशाळेत वाढवून एरिक जॅफी आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली दाखवले, की हे प्रथिन त्या पेशी स्वतःच तयार करतात. मग १९८२ साली डेनिसा वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी चमकणारी प्रतिपिंडे (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू) वापरून ते पेशीत नेमके कुठे साठते ते शोधले. उजळल्या त्या काड्याच. नळ्यांची जुडी म्हणजे या लांबलचक प्रथिनाच्याच गुंडाळ्या. जखम झाली की काडी पेशीच्या कडेला येऊन फुटते, प्रथिन धाग्यासारखे उलगडते आणि वाहत्या प्लेटलेट त्याला चिकटतात.

गंमत म्हणजे हा साठा मोकळा करणारे औषध डॉक्टरांच्या हाती आधीच आले होते. डेस्मोप्रेसिन दिले की रक्तातले हे प्रथिन वाढते, हे पाहून मिलानमध्ये १९७७ साली सौम्य आजाराच्या रुग्णांचे दात ते देऊन काढले जात होते.