आठ-त्रेचाळीसचा क्राउन आणि सहापदरी रस्ता

जुनी सीजे-३बी जीप ताशी ८० वर नेली की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. ६.००-१६ चे टायर, थेट १:१ चा टॉप गिअर (इंजिनाची एक फेरी म्हणजे शाफ्टचीही एक) आणि ५.३८ चा क्राउन, म्हणजे ॲक्सलमधला दातांचा असा जोड की चाकाच्या एका फेरीला शाफ्टचे ५.३८ फेरे लागतात. हिशेब मांडला तर या वेगाला इंजिन मिनिटाला सव्वातीन हजार फेऱ्या मारत असतं.

याचं मूळ शेतात आहे. युद्धातल्या जीपला ४.८८ चा क्राउन होता. १९४५ मध्ये नागरी जीप आली ती नांगर ओढण्याच्या भाषेतच विकली गेली, म्हणून तिला ५.३८ दिला. तोच वारसा सीजे-३बी बरोबर आपल्याकडे आला आणि इथल्या रस्त्यांवर कित्येक वर्षं कुणाला खटकला नाही. पन्नास-साठच्या वर जायला रस्ता होता कुठे? पुढे पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनी डिझेल इंजिनं बसवली. डिझेलच्या फेऱ्या मुळात कमी, त्यामुळे त्याच क्राउनवर टॉपचा वेग आणखी खाली आला. इंजिन बदललं की आरसीची कटकट मागे लागायची, त्यामुळे त्याची चर्चा झाली. क्राउनकडे कुणी पाहिलं नाही. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि तेव्हा कुठे क्राउनचा प्रश्न गॅरेजमध्ये रोजचा झाला. आता समृद्धी महामार्गावर तर मोटारींना १२० ची मुभा आहे.

सगळ्यात जास्त घोळ 'हाय' या शब्दाने घातला आहे. ५.३८ हा आकडा मोठा, म्हणून काही जण त्याला 'हाय रेशो' म्हणतात. पण आकडा मोठा म्हणजे ओढ जास्त आणि वेग कमी, म्हणून जुने मिस्त्री त्यालाच 'लो' म्हणतात. त्यात ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, लिव्हरवर हाय-लो आहेच, त्याचा अर्थ वेगळा. 'हायवाला क्राउन द्या' असं सांगून आणलेला जोड उघडल्यावर पुन्हा ५.३८ च निघाला, हे मी एकदा नाही, दोनदा पाहिलं आहे. जाणकार म्हणून दातच बोलतात, आधी शाफ्टकडच्या लहान चक्राचे, मग क्राउनचे: आठ-त्रेचाळीस म्हणजे ५.३८, आठ-एकोणचाळीस म्हणजे ४.८८, अकरा-सत्तेचाळीस म्हणजे ४.२७. खात्री करायची तर एक मागचं चाक जॅकवर घ्यावं, गाडी न्यूट्रलला ठेवावी, चाकावर आणि ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करावी आणि चाक दोन पूर्ण फेरे फिरवावं. दुसरं चाक जमिनीवर असल्याने क्राउन तेवढ्यात एकदाच फिरतो. शाफ्टचे पाच फेरे होऊन वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त भरलं, तर क्राउन जुनाच आहे.

मग क्राउन बदलायचा की गिअरबॉक्स? क्राउनवाल्यांचं म्हणणं असं की काम सुटसुटीत होतं, चेसिसला हात लागत नाही. पण फोर बाय फोर असेल तर पुढचा-मागचा दोन्ही बदलावे लागतात, हे खर्च विचारताना कुणी सांगत नाही. शिवाय ४.२७ घातला की पहिल्या गिअरची ओढही त्याच प्रमाणात जाते. बोरघाटात वाहतूक तुंबली आणि चढावर उभ्या गाडीला निघायचं असलं, की क्लचचा वास येतो. पाच गिअरच्या बॉक्समध्ये, उदाहरणार्थ प्यूजो घराण्याच्या बीए-१० मध्ये, चौथा थेट आणि पाचवा ओव्हरड्राइव्ह असतो, म्हणजे त्यात शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरतो. क्राउन तसाच, ओढ तशीच, फक्त सपाटीवर इंजिनला उसंत. माझं मत याच बाजूने आहे. अडचण लांबीची. अवघ्या ८० इंचांच्या व्हीलबेसमध्ये लांब बॉक्स बसवला की मागचा शाफ्ट आखूड होतो, त्याच्या टोकांच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि थरथर सुरू होते. अमेरिकेत ट्रान्सफर केसच्या मागे जोडायचे सुटे ओव्हरड्राइव्ह मिळत. इथे ते दुर्मीळच.

क्राउन बदलणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट उशिरा येते. या जीपच्या स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवर असते, म्हणजे क्राउनच्या अलीकडे. ५.३८ च्या जागी ४.२७ आला तरी केबलला त्याचा पत्ता नसतो. काटा ८० वर आणि गाडी १०० वर. आणि थांबवायला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक.