रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांची पगारवाढ ‘नॅशनल इन्शुरन्स’मधून होते का?

ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा पगारातून कापल्या जाणाऱ्या ‘नॅशनल इन्शुरन्स’वरच चालते आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांचे वेतन वाढले की ही कपातही आपोआप वाढते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. कपातीच्या नावातच ‘विमा’ असल्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात 1948 मध्ये सुरू झालेल्या या सेवेचा बहुतांश खर्च प्राप्तिकर, मूल्यवर्धित कर अशा सर्वसाधारण करांतून भागवला जातो. नॅशनल इन्शुरन्सचा एक लहान हिस्सा तिच्याकडे वळवला जातो, हे खरे. पण त्या कपातीचा मोठा भाग सरकारी निवृत्तिवेतनावर खर्च होतो.

वेतनवाढीची वाट वेगळी आहे. स्वतंत्र वेतन-आढावा मंडळ शिफारस करते, निर्णय मात्र सरकार घेते. मंजूर वाढ अंदाजपत्रकात धरलेल्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर एकतर अर्थखाते जादा निधी देते किंवा आरोग्य खात्याला इतर खर्चाला कात्री लावून ती रक्कम उभी करावी लागते. माझ्या मते खरी चर्चा इथेच व्हायला हवी, कारण दुसऱ्या मार्गाचा भार अखेर रुग्णांवरच पडतो. शिवाय वाढीव वेतनाचा काही भाग त्याच कर्मचाऱ्यांच्या करांतून सरकारकडे परत येतो, हे हिशेबात सहसा धरले जात नाही.

पडताळणीसाठी नॅशनल इन्शुरन्स निधीचे आणि आरोग्य खात्याचे वार्षिक हिशेब शेजारी ठेवून पाहावेत; दोन्ही सर्वांसाठी खुले असतात. त्यानंतर वेतनवाढ लागू झालेल्या वर्षी कपातीचा दर बदलला होता का, हे जुन्या पगारपत्रकांवरून तपासावे.