डीलॉसची सागरयात्रा

डीलॉसची सागरयात्रा : एजियन समुद्रातील सिक्लाडीझ द्वीपसमूहातल्या डीलॉस या ग्रीक बेटावरील अपोलो या देवाच्या क्षेत्री जहाजाने जाण्याची प्रथा. बेट अगदी लहान आहे : लांबी सु. ५ किमी., रुंदी कशीबशी १.३ किमी. आणि क्षेत्रफळ सु. ३.५ चौ. किमी. तरीही भोवतालच्या बेटांना सिक्लाडीझ हे नाव मिळाले ते डीलॉसभोवती त्यांचे कडे (कीक्लोस = वर्तुळ) आहे, या समजुतीवरून. अपोलो व त्याची जुळी बहीण आर्टेमिस यांचा जन्म येथे झाल्याची कथा प्रसिद्ध आहे. अपोलोला उद्देशून रचलेल्या होमरपरंपरेतील स्तोत्रात लांब पायघोळ वस्त्रे नेसलेले आयोनियन (ग्रीकांची एक शाखा) लोक बायकामुलांसह येथे जमतात, असे वर्णन असून या यात्रेचा तो बहुधा सर्वांत जुना उल्लेख होय.

नगरराज्याने पाठविलेल्या अधिकृत यात्रापथकास ‘थेओरिया’ व त्यातील प्रतिनिधीस ‘थेओरोस’ म्हणत. या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. प्राचीन टीकाकारांनी तो ‘थेओस’ (देव) या शब्दाशी जोडला असून काही आधुनिक अभ्यासकांनीही त्यास दुजोरा दिला आहे. तथापि ग्रीकच्या डोरिक बोलीत ‘थेआरोस’ असे दीर्घ आकारयुक्त रूप आढळते. ते ‘थेआ’ (दृश्य, पाहणे) या शब्दापासून सरळ साधता येते. ‘थेओस’पासून तसे साधत नाही. त्यामुळे ‘पाहावयास जाणारा’ हाच मूळ अर्थ अधिक संभवनीय दिसतो. पुढे याच ‘थेओरिया’ला तात्त्विक चिंतनाचा अर्थ आला. देवाचे दर्शन आणि षड्‌दर्शने या दोहोंसाठी एकच शब्द वापरणाऱ्या मराठी वाचकाला या अर्थांतराचे फारसे नवल वाटू नये.

अथेन्सचे पथक तीस वल्ह्यांच्या जहाजातून जाई. पुराणकथेतील अथेनियन वीर थीसियस ज्या जहाजातून क्रीटला गेला ते हेच, अशी अथेन्सवासीयांची श्रद्धा होती. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कच्या मते ते अथेन्सचा शासक दिमीट्रिअस फालेरिअस याच्या काळापर्यंत (इ. स. पू. चौथ्या शतकाची अखेर) टिकले होते. कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत गेल्याने हे जहाज ‘तेच’ म्हणावे की नाही, हा तत्त्वज्ञांच्या वादाचा विषय झाला. अपोलोच्या पुरोहिताने जहाजाच्या पिछाडीस माळ घातली की यात्रेला प्रारंभ झाला असे मानत, आणि जहाज परत येईपर्यंत नगरात कोणालाही देहान्त शासन देत नसत. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटीसच्या खटल्याच्या आदल्याच दिवशी ही माळ घातली गेली होती. म्हणून निकालानंतर तो सु. तीस दिवस तुरुंगात राहिला. प्रतिकूल वाऱ्यांमुळे जहाज कधीकधी फार अडकून पडे, असे प्लेटोने नमूद केले आहे. यात्रेचा महिना मात्र निश्चित नाही. काही अभ्यासक तो फेब्रुवारी–मार्चच्या सुमारास, तर काही मे महिन्याच्या आसपास मानतात. हिवाळ्यात एजियनमधील नौकानयन जवळजवळ थांबे, हे ध्यानी घेता दुसरे मत सोयीचे वाटते. पण केवळ तेवढ्यावरून निर्णय करणे धाडसाचे ठरेल.

इ. स. पू. ४२६–२५ च्या हिवाळ्यात अथेन्सने बेटाचे शुद्धीकरण केले. सर्व थडगी उकरून हलविण्यात आली आणि बेटावर जन्म व मृत्यू दोन्ही निषिद्ध ठरले. आसन्नमरण व आसन्नप्रसवा व्यक्तींना शेजारच्या रिनीया बेटावर नेण्याचा दंडक घातला गेला. याच वेळी दर चार वर्षांनी भरणारा डीलिया उत्सव सुरू करण्यात आला. रिनीया इतके जवळ आहे की सेमॉसचा सत्ताधीश पॉलिक्राटीझ याने ते साखळीने डीलॉसला बांधून अपोलोला अर्पण केले होते, असे ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीझ सांगतो. भूगोलकार स्ट्रेबोने हे अंतर चार स्टेडियम (सु. ७५० मी.) दिले आहे.

याच सामुद्रधुनीवर निसिअस या अथेनियन सेनानीने पूल टाकला. तोवर उत्सवासाठी नगरांनी पाठविलेला गायकवृंद जहाजातून उतरतो न उतरतो तोच किनाऱ्यावरची गर्दी त्यांना गायला लावी. मंडळी घाईघाईने माळा व वस्त्रे चढवीत गात सुटत. निसिअसने सर्वांना आधी रिनीयावर उतरविले, अथेन्सहून मापाने घडवून आणलेला, सोन्याचा मुलामा व गालिचे यांनी सजविलेला पूल रात्रीतून जोडला आणि पहाटे मिरवणूक वाजतगाजत पलीकडे नेली. पूल नावांवर तरंगता होता, असे सामान्यतः गृहीत धरतात. प्लूटार्कच्या वर्णनात मात्र नावांचा उल्लेख नाही. खाडीतील दोन खडकाळ बेटुकल्यांचा आधार घेतला असल्यास काम पुष्कळ सोपे झाले असेल. वर्षही प्लूटार्क देत नाही. उत्सवाच्या क्रमानुसार ४२५, ४२१ व ४१७ ही तीन वर्षे संभवतात. निसिअसने दहा हजार द्राख्मांची (ग्रीक चांदीची नाणी) जमीन घेऊन तिच्या उत्पन्नातून डीलॉसवासीयांनी यज्ञ व भोजने करावीत, अशी व्यवस्था लावली. अथेन्सने ४२२ मध्ये बेटावरून हुसकलेले हे रहिवासी ४२१ च्या उन्हाळ्यात परतले. त्यामुळे त्या वर्षीचा उत्सव या वर्णनाशी नीट जुळत नाही. डीलॉसवरील अथेनियनांच्या नव्या मंदिराच्या पूर्ततेशी संबंध जोडून बहुतेक अभ्यासक ४१७ हे वर्ष स्वीकारतात व ते ग्राह्य वाटते.

सामान्य खलाशांच्या आचारांविषयी तुटक माहिती मिळते. येथे थांबल्याशिवाय पुढे जायचे नाही, वेदीभोवती फटके खात फिरायचे आणि हात पाठीमागे ठेवून पवित्र ऑलिव्हच्या बुंध्याला चावायचे, असा प्रघात ग्रीक कवी कॅलिमाकसने वर्णिला आहे. रोमने इ. स. पू. १६७–६६ च्या सुमारास डीलॉस करमुक्त बंदर केल्यावर यात्रेकरूंपेक्षा व्यापारी व गुलामांचे दलालच अधिक येऊ लागले. इ. स. पू. ८८ व ६९ मधील लुटींनंतर बेट ओस पडत गेले.

फ्रेंच पुरातत्त्व संस्थेचे उत्खनन १८७० च्या दशकात सुरू झाले. १९९० मध्ये बेट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. आज मिकोनोसच्या जुन्या बंदरातून लहान बोटीने सु. अर्ध्या तासात येथे पोहोचता येते. उन्हाळ्यात नॅक्सॉस व पारोसहूनही सफरी निघतात. जुलै–ऑगस्टमधील ‘मेल्तेमी’ हा उत्तरेकडील वारा जोराचा झाला की फेऱ्या रद्द होतात. पर्यटकांना मुक्काम करता येत नसल्याने शेवटची बोट चुकवून चालत नाही. बोटी लागतात तो धक्का उत्खननात निघालेल्या दगडमातीचा असून तो प्राचीन पवित्र बंदर आणि व्यापारी बंदर यांच्या मधोमध आहे.